शेजारचा बंगला जाऊन मल्टी होते तेव्हा : तुमचे अनुभव लिहा

जुनी इंदोरी
काल पेपरात जाहीर सूचनेच्या रकान्यात इंदूरच्या माहेरच्या गल्लीतला एक प्लॉट नंबर दिसला. पक्षकाराने सदर मिळकत खरेदी करण्याचे ठरविले असून कोणाची हरकत असल्यास वगैरे. तिथे अजून बैठं कौलारू घर आहे, पुढे ओटला आणि ओटल्याला टेकलेला पारिजातक. आता मल्टी, म्हणजे फ्लॅटची बहुमजली इमारत, होणार, दुसरं काय.

त्यावरून नव्वदच्या दशकातलं सगळं वर आलं. आमच्या कॉलनीतली पहिली मल्टी झाली ती आमच्याच भिंतीशेजारी. तोवर सगळी घरं एकमजली, फार तर वर एक खोली आणि गच्ची. शेजारचे आजोबा गेले, मागे तीन मुलगे, एक मुलगी. बिल्डरने चौघांना एकेक फ्लॅट आणि वर रोख देऊ केली. कॉलनीत दोन तट पडले. बाबा हरकत घेणाऱ्यांत पुढे, आणि त्या घरातली नात माझी जिवलग मैत्रीण. त्या वर्षी चैत्राच्या हळदीकुंकवाला तिच्या घरून कुणी आलं नाही आणि आमच्याकडून कुणी गेलं नाही.

भांडण खरं तर आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीचं होतं. नकाशात मध्ये मोकळी जागा दाखवली होती. प्रत्यक्षात खिडकीतून हात बाहेर काढला की बोटांना त्यांचं प्लास्टर लागायचं. आई तेव्हापासून भर दुपारी दिवा लावून पोळ्या करते.

बाबांचं म्हणणं मला आजही पटतं. पण चार वारसांनी एका बैठ्या घराचं करायचं काय, हा प्रश्नही खोटा नव्हता. तुमच्याकडे काय झालं ते लिहा. विकणारे, विकत घेणारे, शेजारी, सगळेच. माणसांची आणि बिल्डरची नावं मात्र नकोत.

रिकामा टिफिन
आमच्याकडे पाण्यावरून झालं. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, तेही थोडा वेळ. एका घराच्या जागी आठ घरं आली आणि आठांनी मोटरी थेट लाइनीला लावल्या. आमच्या नळाला नुसती हवा. सासूबाई नळाखाली बादली ठेवून बसायच्या आणि तो फुसफुस आवाज ऐकून रडकुंडीला यायच्या. त्यांनी नर्मदा यायच्या आधीची इंदूरची पाणीटंचाई पाहिलेली, 1978 ला पाणी आलं तेव्हा त्यांनी नळाला हळद-कुंकू वाहिलं होतं. तिथे जलूदला नदीचं पाणी उचलून घाट चढवून इतक्या लांब आणायचं आणि शेवटच्या वीस फुटांत शेजाऱ्याने ओढून घ्यायचं!
कुकर झाला. बाकीचं मग.

पागेवाला
टिफिनताई, मोटरी बंद कशा करवल्या तेवढं लिहाच. आमच्या गल्लीत हेच चालू आहे.

निवृत्त ओव्हरसियर
नोकरीभर नकाशेच तपासले, म्हणून थोडं लिहितो.

जुनी इंदोरी, ती जाहीर सूचना मालकीहक्काची खातरजमा करायला वकील देतात. वारस, गहाण, आधीचा सौदा, असा कुणाचा दावा असेल तर त्याने पुढे यावं एवढाच तिचा हेतू. ‘मल्टी नको’ ही हरकत तिथे चालत नाही. बांधकामाचं भांडण नकाशा मंजुरीच्या टप्प्यावर.

तिथे बघायचं ते एफएआर, एमओएस आणि पार्किंग. एफएआर म्हणजे प्लॉटच्या मानाने एकूण बांधकाम किती. एमओएस म्हणजे चहूबाजूंनी सोडायची मोकळी जागा. मध्य प्रदेशात 2012 चे भूमि विकास नियम आहेत आणि हे बरंचसं प्लॉटचा आकार व पुढच्या रस्त्याची रुंदी यांवर ठरतं. तुमच्या आईंच्या स्वयंपाकघराचा उजेड गेला तो एमओएस खाल्ल्यामुळे. जास्तीचा मजला चढला तर रस्त्यावरून दिसतो. एमओएस टेप धरल्याशिवाय कळत नाही, आणि टेप प्लिंथच्या, म्हणजे जोत्याच्या, वेळीच धरायला हवी. स्लॅब पडल्यावर मग शुल्क भरून कम्पाउंडिंग. मंजुरीपेक्षा जास्त बांधकाम असं नियमित करून घ्यायची मर्यादा पूर्वी 10 टक्के होती, 2021 मध्ये ती 30 टक्क्यांपर्यंत नेली. मला ती वाढ तेव्हाही पटली नव्हती. नियम पाळून बांधणारा त्यात मूर्ख ठरतो.

आणि टिफिनताईंच्या मल्टीत आठच घरं का, तेही सांगतो. 2016 च्या रेरा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांच्या नियमनाच्या, कायद्यात प्लॉट 500 वर्गमीटरपर्यंत असेल किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील तर प्रकल्पाची नोंदणी लागत नाही. 500 वर्गमीटर म्हणजे सुमारे 5,400 चौरस फूट. जुन्या कॉलन्यांतले किती प्लॉट याहून मोठे असतात? म्हणजे जिथे शेजाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही सर्वांत जास्त संरक्षण हवं, तिथेच ती नोंदणी नाही.

जुनी इंदोरी
काका, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. भाऊ त्या वकिलालाच पत्र लिहायला बसला होता. त्याला आत्ताच फोन करते.

लष्करवाली
ग्वाल्हेरला आमचा वाडा. सरदारांच्या गोठीतला, म्हणजे वस्तीतला, दोन चौक, मध्ये विहीर. वाटण्या होता होता हिस्सेदार इतके झाले की एका सहीसाठी पुणे, नागपूर, बंगळूर गाठावं लागलं. एक काका सही देईनात. सगळे त्यांना वाईट म्हणत होते, पण त्या वाड्यात रोज झाडू मारणारे तेवढे एकटेच होते. शेवटी पुढचा चौक गेला, तिथे दुकानं आणि वर फ्लॅट झाले, मागचा चौक काकांचा राहिला. विहीर नेमकी मधल्या हद्दीवर, तिच्यावरून अजून वाद चालू आहे.
फोनवरून लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

सी विंग 302
मी मल्टीतली. वाचून वाईट वाटलं म्हणून लिहिते.

आम्ही दोघं नोकरीवाले, शाळेच्या जवळ म्हणून जुन्या कॉलनीत फ्लॅट घेतला. तिथे बंगला घ्यायची ऐपत आमच्या सात पिढ्यांत झाली नसती. आल्याच्या पहिल्या गणपतीत वर्गणी द्यायला गेले तर एक काकू दारातच म्हणाल्या, “मल्टीवाले का? तुमचं वेगळं करा.” एमओएस आम्ही खाल्ला नाही, आम्ही तर पूर्ण पैसे मोजून घर घेतलं. नोंदणी नसल्याने आम्हालाही कागद धड मिळाले नाहीत. लिफ्ट दोन वर्षं बंद, तळघरात पार्किंगऐवजी कुणाचं तरी गोदाम. ज्याने हे केलं तो पुढच्या प्लॉटवर गेला, आणि भांडतोय आम्ही, भिंतीच्या अलीकडचे आणि पलीकडचे.

रिकामा टिफिन
302 ताई, तुम्ही म्हणता ते खरं आहे. आमच्याकडेही मार्ग निघाला तो मल्टीतल्याच एका वहिनींमुळे. त्या आमच्या घरी येऊन सासूबाईंच्या बादलीशेजारी बसल्या, ती हवा स्वतः ऐकली. मग मल्टीची आणि गल्लीची एकत्र बैठक. पागेवाला, ठरलं ते असं : प्रत्येकाने जमिनीखाली हौद करायचा, लाइनीचं पाणी आपल्या दाबाने हौदात पडेल, आणि मोटर फक्त हौदातून वर. आधी दोघांनी ऐकलं नाही. मग पाणी यायच्या वेळी गल्लीतल्या बायका पाळीपाळीने त्यांच्या मीटरपाशी जाऊन उभ्या राहायच्या. भांडण नाही, काही नाही, नुसत्या उभ्या. आठवड्यात मोटरी निघाल्या.

पागेवाला
वा! हे आमच्या बायकोला वाचून दाखवतो.

गच्चीवरून
आमची केस वेगळी, इमारत पाडलीच नाही. इंदूरच्या भंवरकुआंच्या बाजूला कोचिंगमुळे घरंच्या घरं होस्टेल झाली. समोरच्या बंगल्यात हॉलचे प्लायवूड लावून चार भाग, गॅरेजमध्ये दोन पोरं, गच्चीवर पत्रे टाकून आणखी. नकाशावर अजून ‘एक कुटुंब’. ड्रेनेजची लाइन मात्र नकाशा वाचत नाही, ती आमच्या अंगणात तुंबते. पोरं बिचारी चांगली आहेत. खंडवा, बडवानीकडची, आईवडिलांनी शेतीच्या पैशांत पाठवलेली. पण रात्री वायरिंगकडे बघून माझ्या पोटात गोळा येतो. एकच जिना, खिडक्यांना जाळ्या. आग लागली तर?

मांडवी दरवाजा
बडोद्याहून. आमच्याकडे सोसायटीतल्या बैठ्या घराला टेनामेंट म्हणतात आणि बांधकामाच्या मंजुरीला रजाचिठ्ठी. शेजारच्यांनी दोन टेनामेंट एकत्र करून अपार्टमेंट काढायचं म्हटलं तेव्हा माझ्या सासऱ्यांनी आधी रजाचिठ्ठी मागितली, मगच खणू दिलं. विश्वामित्रीचं पाणी 2019 च्या पुरात सोसायटीत शिरलं तेव्हा त्या अपार्टमेंटच्या पहिल्या मजल्यावरच्यांनी आम्हा सगळ्या बैठ्या घरवाल्यांना वर घेतलं. मगरीच्या भीतीने खाली उतरायची सोय नव्हती. त्या रात्रीच्या खिचडीनंतर आमच्याकडे हा विषय संपला.

जुनी इंदोरी
मगर खरंच आली होती सोसायटीत??

मांडवी दरवाजा
आमच्या नाही, दोन गल्ल्या सोडून. जाळी टाकून नेली.

खाडीपार
मुलीकडे कॅलिफोर्नियात आले आहे. इथल्या शहरांत कित्येक दशकं बहुतेक वस्तीत एका प्लॉटवर एकाच कुटुंबाचं घर, असाच नियम. घरं इतकी महाग झाली की 2022 पासून राज्याने कायदा करून तो मोडला. त्याला एसबी 9 म्हणतात. प्लॉटचे दोन भाग करा, प्रत्येकावर दोन घरं, म्हणजे चारपर्यंत. त्याआधी मिनियापोलिसने 2018 मध्ये एका प्लॉटवर तीन घरांना वाट करून दिली, तर लोक पर्यावरणाच्या कायद्याखाली कोर्टात गेले आणि ते प्रकरण वर्षानुवर्षं चाललं.

मुलगी मला इथल्या शेजाऱ्यांच्या सभेला घेऊन गेली. पार्किंग, सावली, झाडं, सगळे आपलेच मुद्दे. आणि एक बाई म्हणाल्या, कसली माणसं राहायला येतील कोण जाणे. ते ऐकून मला आमची इंदूरची गल्ली आठवली. तिथेही हे म्हटलं जायचं, फक्त हळू आवाजात. पाणी-उजेडाच्या हरकतीच्या पदराखाली ही हरकत लपवू नये असं मला फार वाटतं. 302 ताईंना दारातून परत पाठवणं त्यातलंच.

सी विंग 302
खाडीपार काकू, बरं वाटलं वाचून. त्या वर्गणीवाल्या काकू आता मला कैऱ्या पाठवतात, हेही सांगायला हवं.

वृंदावन
मी विकणारी.

यजमान गेल्यावर सहा खोल्यांचं घर, छत गळतं, मुलं दोन्ही बाहेर. रेशोवर दिलं, म्हणजे जागा माझी, बांधकाम बिल्डरचं, फ्लॅटची वाटणी ठरलेल्या प्रमाणात. तळमजला मागितला होता, मिळाला तिसरा. पाडताना शेजारच्या वहिनी दार लावून बसल्या, बाहेर आल्या नाहीत. मला वाटलं राग. नंतर म्हणाल्या, बघवलं नसतं.

माझ्यावर ‘कॉलनी बिघडवली’ असा ठपका आहे. गळक्या छताखाली मी रात्री पातेली मांडत होते तेव्हा कॉलनी झोपलेली होती. आता मला लिफ्ट आहे, शेजारी डॉक्टरीण राहते, रात्री छातीत धडधडलं तर बेल वाजवता येते. तुळस बाल्कनीत आहे, वाढत नाही, ऊन तासभरच येतं.

पागेवाला
वृंदावन आजी, तुळस पूर्वेच्या बाजूला सरकवून बघा, मातीत थोडी वाळू घाला. पाणी कमी.

रिकामा टिफिन
आजी, तुम्ही शिवाजीनगरच्या का? आवाज ओळखीचा वाटतोय, म्हणजे लिहिणं.

वृंदावन
नाही गं, लोकमान्यनगर. तू शारदोत्सवात गायचीस ती का?

रिकामा टिफिन
ती माझी जाऊ!! संध्याकाळी फोन लावते तुम्हाला, नंबर व्यनि (खासगी निरोप) करा.

निवृत्त ओव्हरसियर
सगळं वाचलं. आणखी दोन गोष्टी.

हा प्रश्न इंदूरला नवा नाही. प्लेगच्या काळात होळकर दरबारासाठी नगररचनाकार पॅट्रिक गेडिस आले होते, 1918 चा त्यांचा अहवाल आहे. जुनी वस्ती सरसकट पाडू नका, नेमकं दुखतं तिथेच हात घाला, ही त्यांची पद्धत. आपण प्लॉट नि प्लॉट सुटा मंजूर करतो आणि खालची पाण्याची, ड्रेनेजची लाइन सगळ्यांची एकच आहे हे विसरतो. वृंदावन वहिनींचं घर व्हायलाच हवं होतं, माझा त्याला विरोध नाही. पण त्या गल्लीतली लाइन किती घरांना पुरते हे आधी कुणी तरी मोजायला हवं.

दुसरं, जुनी इंदोरी, तुमच्या भावाला सांगा, माहितीच्या अधिकारात 10 रुपयांचा अर्ज लावून मंजूर नकाशाची प्रत मागायची, उत्तराला 30 दिवसांची मुदत आहे. खड्डा खणायला लागले की लगेच. आणि खिडकीचा उजेड-वारा 20 वर्षं विनाखंड, हक्काने वापरला असेल तर कायद्याने त्यावर सुखाधिकार, म्हणजे शेजाऱ्याने तो अडवू नये असा हक्क, सांगता येतो. त्यासाठी दिवाणी वकील गाठा. घराचे जुने फोटो असतील तर तारखेसकट काढून ठेवा.

जुनी इंदोरी
फोटो आहेत, माझ्या भावाच्या मुंजीतले, मागे खिडकी स्पष्ट दिसते. पण काका, ती खिडकी तर गेलीच. हा प्लॉट दुसऱ्या बाजूचा, तिकडे देवघराची आहे.

आणि पारिजातकाचं काय? तोडायला परवानगी लागते ना?

निवृत्त ओव्हरसियर
शहरातल्या झाडांसाठी 2001 चा वृक्ष परिरक्षण कायदा आहे. अर्ज करावा लागतो. पण मालकाशी आधी बोला. आमच्याकडे एकाने नुसतं विचारल्यावर जिना दोन फूट सरकवला होता.

लष्करवाली
पारिजातकाच्या बिया घेऊन ठेवा, पावसाळ्यात टाका. फांदीही लागते, पण बी जास्त भरवशाचं.

जुनी इंदोरी
भावाशी बोलणं झालं. तो म्हणतो वकिलाला पत्र नाही, आधी घेणाऱ्यालाच चहाला बोलवू, देवघराची खिडकी दाखवू. मी रविवारी इंदूरला जातेय. नकाशा मिळाला की काकांना व्यनि करीन, एमओएस बघून सांगाल?

निवृत्त ओव्हरसियर
सांगेन. प्लॉटची लांबी-रुंदी आणि रस्ता किती फुटांचा तेही मोजून पाठवा. टेप स्टीलची घ्या, कापडी ताणली जाते.

गच्चीवरून
काका, होस्टेलच्या वायरिंगबद्दल कुठे लिहू? तेही सांगा ना.