अरोवाना मासा खाद्याची गोळी तोंडात घेतो आणि थुंकतो. आणखी किती दिवस उपाशी ठेवावे?

प्रश्न :
माझ्याकडे साधारण आठ इंचांचा सिल्व्हर अरोवाना आहे. आणल्यापासून चार महिने तो जिवंत छोट्या माशांवरच वाढला आहे. त्याला गोळ्यांची सवय लावण्याचा मी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तो गोळीपाशी आला, हनुवटीच्या मिशा तिला लावून पाहिल्या, एकदा तर तोंडातही घेतली आणि लगेच फुर्रकन बाहेर टाकली. दुसऱ्या वेळी पाच दिवस काहीच दिले नाही. सहाव्या दिवशी तो काचेला लागून येरझारा घालू लागला, तेव्हा मला राहवले नाही आणि मी चार मासे सोडले. गोळ्या बुडणाऱ्या आहेत. पाणी 28 अंश सेल्सिअस असून अमोनिया आणि नायट्राइट शून्य आहेत. आणखी किती दिवस उपास सुरक्षित ठरेल?

उत्तर 1 :
त्या चार माशांनी तुमच्या अरोवानाला एवढेच शिकवले की थांबले की जिवंत मासा मिळतो. मात्र उपास लांबवणे हा यावरचा उपाय नाही. जे हलते ते अन्न, एवढीच त्याची आजवरची ओळख असल्यामुळे तळाशी पडलेली गोळी त्याच्या लेखी खडा आहे. शिवाय त्याचे तोंड वरच्या बाजूला उघडते आणि तो पृष्ठभागावर शिकार करतो, म्हणून सर्वप्रथम तरंगणाऱ्या गोळ्या आणा.

त्यानंतर लांब चिमट्यात सोललेल्या कोळंबीचा तुकडा धरून तो पाण्याच्या पृष्ठभागावर हलवा. तो बिनधास्त घेऊ लागला की हलवणे कमी करत तुकडा फिल्टरच्या प्रवाहात नुसता सोडून द्या. हे जमले की कोळंबीला चीर देऊन आत एक गोळी दाबून बसवा आणि दर दोन-तीन दिवसांनी कोळंबीचा भाग कमी करत जा. कोरडी, टणक गोळी बहुतेक मासे थुंकतात. ती कोळंबीच्या रसात अर्धा मिनिट भिजवली तर वास आणि मऊपणा दोन्ही येतात, अधिक भिजवल्यास मात्र तिचा चिखल होतो. पंधरा मिनिटांत न खाल्लेले सर्व काढून टाका, नाहीतर शून्यावर असलेला अमोनिया शून्यावर राहणार नाही.

उत्तर 2 :
उपासाबद्दल एवढेच सांगतो की पूर्ण वाढलेला, धडधाकट अरोवाना आठवडाभर सहज काढतो, परंतु आठ इंचांचे पिल्लू वाढीला लागलेले असते. दोन-तीन दिवसांपलीकडे मी ताणणार नाही आणि डोक्यामागची पाठ खपाटीला जाताना दिसली तर प्रयोग तिथेच थांबवीन. जिवंत मासे खाऊ घालणे बंद करण्याचा तुमचा निर्णय योग्यच आहे. गोल्डफिश आणि कार्प कुळातील अनेक माशांत थायमिनेज नावाचे विकर असते, ते ब-1 जीवनसत्त्व नष्ट करते; परजीवी येतात ते वेगळेच. काही कच्च्या कोळंब्यांतही हे विकर असते, त्यामुळे कोळंबीवरच कायमचा मुक्काम करू नका.

उत्तर 3 :
वरील पायऱ्यांना एक जोड सुचवतो. तोंडात मावणार नाही एवढा मोठा आणि गोळ्यांवर तुटून पडणारा सोबती, उदाहरणार्थ सिल्व्हर डॉलर, टाकीत असला तर त्याच्या झडपेमुळे अरोवानाही झडप घालू लागतो. नवा मासा आधी काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. आणि चिमटा बाहेर काढताच झाकण लावा. वरून अन्न येते हे कळलेला अरोवाना उडी मारायला कचरत नाही.

प्रश्नकर्ता :
तीन आठवड्यांनी लिहीत आहे. सोबती आणला नाही, कारण पुढे अरोवानासाठीच मोठी टाकी घ्यावी लागणार आहे. चिमट्यातली कोळंबी त्याने दुसऱ्याच दिवशी घेतली. गोळी भरलेल्या कोळंबीने मात्र आठ दिवस छळले, कारण तो कोळंबी गिळून कल्ल्यांतून गोळीचा भुगा बाहेर सोडत असे. लहान आकाराच्या गोळ्या आणल्यावर ते थांबले. काल संध्याकाळी त्याने नुसत्या तरंगणाऱ्या दोन गोळ्या खाल्ल्या. तिसरी थुंकली, ती मी जाळीने काढली आणि आज सकाळपर्यंत दुसरे काहीही दिले नाही.