प्रभूच्या हाती सोपवल्यावर पेरणीचा हिशेब मांडणे हा अविश्वास आहे का?

प्रश्न (एक भगिनी, जालना जिल्हा)

सर्व विश्वासू बंधुभगिनींना ख्रिस्तात सलाम. आमची शेती कोरडवाहू आहे. सोयाबीन आणि कापूस ही दोनच पिके आम्ही घेतो. मागच्या उपवास-प्रार्थनेत माझ्या यजमानांनी आपले जीवन, शेती आणि डोक्यावरचे कर्ज प्रभूच्या हाती सोपवल्याची साक्ष दिली, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र एकदा सोपवल्यावर हिशेब मांडत बसणे म्हणजे दिलेले परत मागणे, असे ते आता म्हणतात. घरचे बियाणे उगवेल की नाही हे तपासायला ते तयार नाहीत, पीक विम्याचा अर्ज भरायचा नाही म्हणतात, आणि पहिला पाऊस पडताच, ओल किती खोल गेली हे न पाहता, तिफण धरायचा त्यांचा विचार आहे. मी काही बोलले की माझा विश्वास कमी पडतो असे ऐकावे लागते, आणि रात्री प्रार्थनेला बसल्यावर मलाही तसेच वाटू लागते. रोजच्या कामात समर्पण कसे जगायचे, हे कोणी समजावून सांगेल का?

उत्तर (मंडळीतील, म्हणजे चर्चमधील, एक वडील, छत्रपती संभाजीनगर)

ताई, आपल्या यजमानांची साक्ष खरी आहे आणि तिला धक्का लागू नये, म्हणून जपून लिहितो. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात सैतान प्रभू येशूला मंदिराच्या शिरोभागी नेतो आणि देवदूत तुला सांभाळतील या ९१ व्या स्तोत्रातील वचनाचाच आधार देऊन खाली उडी टाकायला सांगतो. तेथे वचन खरे होते, सांभाळणारा पिताही खरा होता, तरी प्रभूने उडी टाकली नाही, कारण देवावर भरवसा ठेवणे वेगळे आणि त्याची परीक्षा पाहणे वेगळे. साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये असे कृषी विभाग सांगत असतो. ते माहीत असूनही अपुऱ्या ओलीवर बी टाकणे मला त्या उडीच्या जवळचे वाटते.

बियाण्याचेही तेच. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडावेत, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवावे आणि ते वाळू देऊ नये. आठवडाभरात सत्तर किंवा त्याहून अधिक दाण्यांना चांगले कोंब आले तर बियाणे पेरणीजोगे समजावे. थोडे कमी आले तर एकरी प्रमाण वाढवावे. यात अविश्वास कोठे आहे? मिसरचा राजा फारो याच्या स्वप्नाचा अर्थ योसेफाला देवाने दिला, आणि त्याच योसेफाने पुढच्या दुष्काळासाठी सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवण्याचा सल्ला दिला. पीक विम्याचा अर्ज मी त्याच जातीचा मानतो. बायबलमधील याकोबाच्या पत्रातही बेत करणाऱ्याला दोष दिलेला नाही. उद्याचा दिवस आपल्याच मालकीचा आहे अशी बढाई मारणाऱ्याला दिला आहे. मला समर्पण असे कळते की कष्ट पुरते करावेत, आणि त्यातून अमुकच निघाले पाहिजे हा हट्ट सोडावा.

उत्तर (एक भगिनी, उदगीर)

ताई, मला तुमच्या रात्रीच्या प्रार्थनेविषयी लिहावेसे वाटते. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूने आधी दुःखाचा प्याला टळावा अशीच विनंती केली, आणि मत्तय सांगतो की त्याने तीन वेळा प्रार्थना केली. पित्याच्या इच्छेला त्याने मान दिला तो मनातले सगळे बोलून. तेव्हा कर्जाची रक्कम, मुलांची फी, यजमानांवरचा राग, हे सर्व नाव घेऊन सांगण्यात संकोच मानू नका. शिवाय एकदा सोपवले म्हणजे कायमचे झाले, असे सहसा होत नाही. मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या परंपरेत नववर्षाच्या सुमारास कराराची, म्हणजे स्वतःला पुन्हा देवाला वाहण्याची, उपासना होते, जी त्या पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी १७५५ मध्ये सुरू केली. देवा, मला कामाला लाव किंवा बाजूला ठेव, मी तुझाच आहे, अशा अर्थाची प्रार्थना तेव्हा मंडळी करते. ती दरवर्षी करावी लागते, कारण माणूस दिलेले पुन्हा मुठीत धरतो. मला तर ते रोज, स्वयंपाकाला लागण्यापूर्वी, करावे लागते.

प्रश्नकर्त्या भगिनी

आपणा दोघांचे आभार. योसेफाचा दाखला यजमानांना पटला, आणि बियाणे तपासून पाहू असे ते स्वतःहून म्हणाले. मात्र त्यांनी विचारले की सगळे नीट करूनही पावसाने दगा दिला, तर मंडळीत कोणत्या तोंडाने उभे राहायचे?

उत्तर (एक पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, परभणी)

भाऊंना माझा सलाम सांगा. बायबलमधील हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरे नाहीत, हे उघडपणे लिहिलेले आहे, आणि त्याच श्वासात देवाविषयीचा आनंदही आहे. त्यामुळे पीक गेलेल्या माणसाने साक्ष मागे घेण्याचे कारण नाही. उलट त्याच्या विश्वासात खोट होती असे जो सुचवतो, त्याला पाळकांनी तेथेच थांबवावे. मराठवाड्यात कर्जाच्या ओझ्याखाली किती घरांतली माणसे गेली आहेत हे आपण जाणतो, आणि अशा घरावर आणखी एक दोष लादणे मला पाप वाटते. समर्पण एकट्या शेतकऱ्याने करायचे आणि बाकीच्यांनी आमेन म्हणायचे, असे नसते. दुबार पेरणीची वेळ आली तर कोणाकडे जास्तीचे बियाणे आहे, कोणाचे बैल किंवा ट्रॅक्टर दोन दिवस मोकळे आहेत, हे मंडळीने जूनच्या आधीच विचारून ठेवावे. आपल्या पाळकांशी याच रविवारी उपासनेनंतर बोला, आणि भाऊंनाही सोबत न्या.