डेटा सायंटिस्टचे काम सोडून मशीन लर्निंग इंजिनिअर व्हायचे आहे, सुरुवात कोठून करावी?

प्रश्न

गेली ४ वर्षे मी डेटा सायंटिस्ट म्हणून काम करत आहे. विश्लेषण करणे आणि मॉडेल तयार करणे मला मनापासून आवडते. पण नोटबुक (ज्या फाइलमध्ये मी कोड तुकड्यातुकड्याने चालवून मॉडेल तयार करतो ती) इंजिनिअरिंग टीमच्या हाती गेले की पुढे मॉडेलचे काय होते, हे मला नीट कळत नाही, आणि ते आता सलू लागले आहे. सेवा सोडून जाण्याची शक्यता असलेले ग्राहक ओळखणारे माझे एक मॉडेल चाचणीत चांगले चालले, प्रत्यक्ष वापरात मात्र बरेच घसरले, आणि कारण जिथे शोधायचे तो कोड मला धड वाचताही येईना. पायथन, एसक्यूएल आणि संख्याशास्त्र यांचा पाया पक्का आहे. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगचे रीतसर शिक्षण नाही. डॉकर (प्रोग्राम त्याला लागणाऱ्या सर्व गोष्टींसह एकत्र बांधून कोठेही चालवण्याचे साधन), कुबरनेटिस (असे अनेक प्रोग्राम अनेक संगणकांवर सांभाळणारी प्रणाली), क्लाउडची प्रमाणपत्रे, डेटा स्ट्रक्चर्स (प्रोग्राममध्ये माहिती मांडून ठेवण्याच्या पद्धती) अशी मोठी यादी समोर आहे. यांतले आधी काय शिकावे, आणि नोकरी बदलावी की आहे तेथेच वाट काढावी?

उत्तर १

मी स्वतः हा बदल केला आहे, आणि माझे प्रामाणिक मत असे की ती यादी तूर्त बाजूला ठेवून तुम्ही त्या घसरलेल्या मॉडेलकडे परत जावे. आमच्या एका मॉडेलला ग्राहकाच्या मागील ७ दिवसांच्या वापराचे प्रमाण विचलन दिले जात असे. नोटबुकमध्ये ते पांडाज ही पायथनची लायब्ररी वापरून काढले होते आणि सर्व्हिसमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष वापरात मॉडेल चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, नमपाय ही दुसरी लायब्ररी वापरून. दोन्हीकडे फंक्शनचे नाव एकच आहे; पण वेगळे काही सांगितले नाही, तर पांडाज सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांच्या बेरजेला नोंदींच्या संख्येपेक्षा एकाने कमी संख्येने भागते आणि नमपाय पूर्ण संख्येने. नोंदी ७ असतील तर उत्तरात सुमारे ८ टक्क्यांचा फरक पडतो. कोठेही एरर आली नाही, आणि मॉडेल मात्र सतत सरकलेल्या आकड्यांवर निर्णय देत राहिले. एकाच ग्राहकाची एकच ओळ दोन्हीकडून छापून शेजारी ठेवली, तेव्हा चूक दिसली.

मॉडेलला प्रशिक्षणात एक आणि प्रत्यक्ष वापरात (सर्व्हिंगमध्ये) दुसरेच आकडे मिळणे याला ट्रेनिंग-सर्व्हिंग स्क्यू म्हणतात, आणि तो पकडण्यासाठी लागणारी संख्याशास्त्राची नजर तुमच्याकडे आधीच आहे. कमी आहे ती सवय: फीचर (मॉडेलला दिले जाणारे आकडे) काढणारा कोड नोटबुकमधून काढून स्वतंत्र मॉड्यूलमध्ये ठेवणे, प्रशिक्षण आणि सर्व्हिस या दोघांनी तोच वापरणे, त्याला टेस्ट लिहिणे आणि दुसऱ्याकडून रिव्ह्यू करून घेणे. गूगलच्या संशोधकांनी २०१५ मध्ये एका शोधनिबंधात दाखवले होते, की चालत्या प्रणालीत मशीन लर्निंगचा प्रत्यक्ष कोड हा अगदी लहानसा भाग असतो. डेटा गोळा करणे, तपासणे, सर्व्हिंग आणि मॉनिटरिंग यांचा पसारा त्याच्या कितीतरी पट असतो. तुम्हाला शिकायचे आहे ते त्या पसाऱ्यात काम करणे.

उत्तर २

नोकरीबद्दल सांगायचे तर, शक्य असेल तोवर आधी आहे तेथेच प्रयत्न करा. एखादे मॉडेल रोज रात्री बॅचमध्ये, म्हणजे साठलेल्या सर्व नोंदींवर एकदम, चालवण्याची जबाबदारी मागून घ्या. मॉडेल आणि लायब्ररींच्या आवृत्त्या नोंदवून ठेवणे, जॉब पडल्यास पुन्हा चालवणे, बिघाड झाल्यास जुन्या मॉडेलवर परतणे हे सारे तेथे शिकता येते, आणि डॉकरची गरजही तेथेच आपोआप उमगते. कुबरनेटिस नंतर शिकले तरी काही बिघडत नाही.

रिअल टाइमकडे, म्हणजे विनंती येताच लगेच उत्तर देण्याकडे, वळाल तेव्हा सरासरी वेळेवर विसंबू नका. मॉडेलला येणाऱ्या १०० विनंत्यांपैकी एकच रेंगाळते असे धरा. पण एक पान उघडताना मॉडेलला १० वेळा विचारावे लागत असेल आणि प्रत्येक विनंती स्वतंत्र असेल, तर १०० पैकी जवळजवळ १० पाने रेंगाळतात. सरासरीत हे लपून जाते.

उत्तर ३

वरील दोन्ही मतांशी सहमत आहे. पण एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. या कामात ‘असे का घडते’ या प्रश्नाच्या मागे आठवडाभर लागण्याची मोकळीक कमी होते, आणि रात्री सर्व्हिस बंद पडली तर उठावे लागते. तुम्हाला विश्लेषण मनापासून आवडते असे तुम्हीच लिहिले आहे, म्हणून याचा आधी विचार करा. शिवाय पदाचे नाव एकच असले तरी काम जागोजागी वेगळे असते. कोठे दिवसभर पाइपलाइन (डेटा टप्प्याटप्प्याने मॉडेलपर्यंत नेणारे प्रोग्राम) सांभाळाव्या लागतात, तर कोठे मॉडेलचे प्रशिक्षणही त्याच व्यक्तीकडे असते. पुष्कळ मुलाखतींमध्ये डेटा स्ट्रक्चर्स विचारतात, त्यामुळे तो अभ्यास टाळता येणार नाही. प्रमाणपत्रे मात्र मी सर्वांत शेवटी ठेवीन.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. पहिल्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे एका सहकाऱ्याच्या मदतीने एका ग्राहकाची ओळ दोन्हीकडून काढून पाहिली. आमच्याकडे चूक वेगळीच निघाली: ज्या दिवसांची नोंद नव्हती ते दिवस माझ्या नोटबुकमध्ये पांडाजने सरासरीतून वगळले होते, आणि सर्व्हिसमध्ये त्यांच्या जागी शून्य भरले जात होते. वगळावे की शून्य धरावे, हे मी कोठेच लिहून दिले नव्हते. ते फंक्शन मी आता वेगळ्या मॉड्यूलमध्ये काढले आहे, रिकाम्या दिवसांसाठी पहिली टेस्ट लिहिली आहे, आणि रात्रीच्या बॅचची जबाबदारी मिळावी म्हणून टीमप्रमुखांकडे विनंती केली आहे.