मदत हवी आहे: दुसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या कुत्र्याची तक्रार करावी का?

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहिणार आहे, कारण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. चार मजली जुनी इमारत, लिफ्ट नाही, जिना एकच. आम्ही तिसऱ्या मजल्यावर आणि आमच्या बरोबर खाली, जिन्याला लागूनच, काका राहतात. वय ६८, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. काकू २०२२ साली गेल्या. मुलगा बंगळूरला असतो. लॉकडाऊनमध्ये तो घरून काम करत होता तेव्हा त्याने रॉटवायलरचं पिल्लू आणलं. ऑफिस सुरू झालं, तो गेला आणि ब्रूनो इथेच राहिला. आणला तेव्हा ओंजळीत मावायचा. आज तो ४५ किलोच्या आसपास आहे आणि काकांच्याने तो आवरत नाही.

काकांबद्दल आधीच सांगते. माझ्या सासऱ्यांना रात्री अडीच वाजता छातीत दुखायला लागलं तेव्हा ॲम्ब्युलन्स खाली उभी होती आणि स्ट्रेचर जिन्यात वळत नव्हतं. काकांनी घरातली लाकडी खुर्ची आणली, सासऱ्यांना तीत बसवलं आणि माझ्या नवऱ्याबरोबर तीन मजले उचलून खाली नेलं. सासरे त्यानंतर सहा वर्षं जगले. दर गणपतीला काकू आमच्याकडे मोदक वळायला यायच्या. तक्रार करायची म्हणजे या माणसाच्या नावाने करायची आहे.

आता काय घडलं ते. जूनमध्ये इस्त्रीवाल्याच्या अंगावर ब्रूनो धावून गेला. गाठोडं जिन्यात पडलं, कपडे ओल्या पायऱ्यांवर पसरले, त्यापलीकडे काही झालं नाही. सगळ्यांनी ते सोडून दिलं. मीसुद्धा.

ऑगस्टमध्ये माझी लेक (वय ९) संध्याकाळी चित्रकलेच्या क्लासहून येत होती. काकांनी हवेसाठी आतलं दार उघडं ठेवलं होतं आणि सेफ्टी डोअरची कडी सैल झालेली. उशीर झाला म्हणून मी बघायला खाली उतरले तर ती दुसऱ्या मजल्यावर भिंतीला पाठ टेकून उभी होती, दप्तर पोटाशी घट्ट धरून. ब्रूनो तिच्यापासून हातभर अंतरावर होता. भुंकत नव्हता, गुरगुरतही नव्हता. अंग ताठ, शेपूट स्थिर, नजर तिच्या चेहऱ्यावर आणि तिच्या पाण्याच्या बाटलीचं बूड त्याच्या जबड्यात. एवढा वेळ माझं दार उघडं होतं आणि मला कसलाही आवाज आला नव्हता, हे अजून टोचतं. काका धावत आले, त्यांनी पट्टा ओढला आणि ते स्वतःच गुडघ्यांवर पडले. ती बाटली मी टाकलेली नाही. निळ्या प्लास्टिकला चार भोकं आहेत, पाणी भरलं की चार धारा लागतात. तेव्हापासून लेक खाली वॉचमनच्या खुर्चीजवळ थांबते, त्याच्या फोनवरून मला बोलावते आणि मी छत्री घेऊन तिला आणायला जाते.

आणि आता या मंगळवारी गॅस सिलिंडरवाल्या भाऊंना त्याने चावलं. पोटरीला, दोन खोल दात. मी वर होते, ओरडणं ऐकून खाली आले. भाऊंनी जखमेवर रुमाल दाबला होता आणि काका थरथरत्या हाताने त्यांना ५०० ची नोट देत होते. मी त्यांना आमच्या बाथरूममध्ये आणलं आणि नळाखाली पाय धरून साबणाने धुवायला लावलं, घड्याळ लावून १५ मिनिटं. "ताई, गाडीवर अजून अकरा सिलिंडर आहेत," एवढं एकच ते म्हणत होते. पालिकेच्या रुग्णालयात रेबीजची लस मोफत मिळते, आजच्या आज जा, असं दहा वेळा सांगून त्यांना सोडलं. नंतर एजन्सीत फोन करून विचारलं. ते संध्याकाळी गेले होते. जखमेत रेबीजविरोधी सीरम भरलं आणि लसीचा पहिला डोस दिला. पुढचे तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी आहेत. म्हणजे हातावर पोट असलेल्या माणसाला अजून तीन वेळा कामातून वेळ काढायचा आहे.

त्या रात्री मी काकांकडे ब्रूनोचं लसीचं पुस्तक मागितलं. त्यांनी कपाट उपसलं. शेवटचा शिक्का २०२३ चा. पालिकेचं कुत्र्याचं लायसन्सही तेव्हापासून रिन्यू केलेलं नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही, म्हणून तो शिक्का नसणं मला साधी विसरलेली गोष्ट वाटत नाही.

सेक्रेटरींना सांगितलं तर ते म्हणाले, "लेखी द्या, पण तुमच्या नावाने." चार जण जमले तिथे दोन टोकं निघाली. एकाचं म्हणणं, ही जातच सरकारने बंद केलीय, उद्याच्या उद्या हाकला. दुसऱ्याचं म्हणणं, प्राण्यांचे कायदे इतके कडक आहेत की आपण ब्र काढू शकत नाही. मी दोन रात्री बसून वाचलं, दोघांचंही बरोबर नाही. केंद्राने मार्च २०२४ मध्ये २३ जातींबद्दल राज्यांना पत्र पाठवलं होतं, त्यात रॉटवायलर होता. पण कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते एप्रिलमध्येच रद्द केलं. सोसायटीला ठराव करून पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, हेही खरं. पण भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका संभवत असताना मालकाने पुरेशी काळजी घेतली नाही, तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कुत्रा कुठल्या जातीचा हा प्रश्न त्यात नाही. चावा घेईपर्यंत थांबायची अटही नाही. गुन्हा दखलपात्र आहे (म्हणजे पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकतात), जामीनपात्रही.

मुंबईत अशा शिक्षा झाल्या आहेत. नेपियन सी रोडला २०१० मध्ये रॉटवायलरने एका ७२ वर्षांच्या गृहस्थांना चावलं होतं, मालकाला २०२३ मध्ये ३ महिन्यांची कैद झाली. वरळीला २०१८ मध्ये लिफ्टमध्ये हस्की शेजाऱ्याला चावला, तिथे मे २०२५ मध्ये ४ महिने. या तारखांमधलं अंतर बघून पोटात गोळा येतो. काका आज ६८ वर्षांचे आहेत. तेरा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या त्यांनी? दुसरीकडे, जुलै २०२५ मध्ये मानखुर्दला रिक्षात बसलेल्या ११ वर्षांच्या मुलाला पिटबुल चावला, तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. मी तो अर्ध्यात बंद केला. मला आमचा जिना दिसायला लागला.

आणखी एक गोष्ट, जी सोसायटीत कोणी बोलत नाही. ब्रूनो दिवसातले वीसेक तास बाल्कनीच्या ग्रिलला बांधलेला असतो. साखळी जेमतेम चार फूट. आधी वॉचमन त्याला फिरवायचा, त्याने सोडलं. काका गेटपर्यंत नेतात आणि परत आणतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात लिहिलंय की जनावराला फार आखूड साखळीने फार वेळ बांधून ठेवणं ही क्रूरता आहे, आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही तर तीसुद्धा. काका क्रूर नाहीत. रात्री स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला त्यांचा आवाज येतो, "आज पिठलं केलंय रे, तुला भातच." काकू गेल्यापासून त्या घरात बोलायला ब्रूनोच आहे.

म्हणून अडकले आहे. तक्रार केली तर पोलीस काकांच्या दारात येतील, आणि चावणाऱ्या ४५ किलोच्या कुत्र्याला ठेवून घेणारी जागा मिळणं किती कठीण ते मला कळतं. नाही केली तर पुढच्या वेळी पुन्हा कोणीतरी असेल, जो आमच्या जिन्यात फक्त कामासाठी येतो, ५०० रुपये घेतो आणि लंगडत निघून जातो. त्याच्या वतीने बोलायला इथे कोणी नसतं.

जाणकारांनी सांगावं: आधी पालिकेत जावं की पोलिसांत? चावा मला लागलेला नाही, तर माझ्या तक्रारीला वजन असतं का? आणि ज्यांनी शेजाऱ्याची अशी तक्रार केली आहे त्यांनी कृपया लिहा, नंतर जिन्यात समोरासमोर आल्यावर काय झालं?

अपडेट, सोमवार

सगळ्यांचे मनापासून आभार. एकेकाला उत्तर देणं जमत नाहीये, इथेच लिहिते.

"खाण्यात काहीतरी घालून टाका" असं सुचवणाऱ्यांना: हा गुन्हा आहे, आणि मी हे माझ्या लेकीसमोर वाचत होते. कृपया असं लिहू नका. "मुलीला दुसऱ्या जिन्याने न्या" म्हणणाऱ्यांना: जिना एकच आहे.

दोघांनी लिहिलं होतं की आधी व्हेटला दाखवा, अचानक चावायला लागलेला कुत्रा बऱ्याचदा दुखण्यात असतो. ते पटलं. काकांच्या मुलाला फोन केला, स्पीकरवर, काकांच्या समोर. पहिली पाच मिनिटं तो माझ्यावरच चिडला, "तो कधी चावत नाही" वगैरे. मी बाटलीचा फोटो पाठवला. मग तो गप्प झाला. शनिवारी डॉक्टर घरी आले. मागच्या डाव्या पायाच्या खुब्याला हात लावताच ब्रूनो उसळला. या जातीत खुब्याच्या सांध्याचा त्रास खूप आढळतो म्हणाले, एक्स-रे काढायचा आहे. रेबीजची लस मात्र लगेच दिली नाही. चावल्यापासून १० दिवस कुत्रा नीट राहतो का हे बघायचं असतं, आणि मध्येच लस दिली तर लक्षणं ओळखण्यात घोळ होऊ शकतो. म्हणून दहा दिवसांनंतर. भाऊंना मात्र त्यांचे डोस चुकवू नका म्हणून पुन्हा निरोप दिला.

कोणीतरी मुसक्याबद्दल विचारलं होतं. सोसायटी तशी सक्ती करू शकत नाही, पण काका स्वतःहून तयार आहेत. डॉक्टरांनी जाळीचं, टोपलीसारखं मुसकं घ्यायला सांगितलं. कापडी पट्ट्याचं नको, कारण त्यात कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता येत नाहीत, आणि अंग थंड ठेवायला त्याला मुख्य आधार तोच. ऑक्टोबर हिटमध्ये ते जिवावर बेतू शकतं.

अपडेट, त्यानंतरचा रविवार

दहा दिवस झाले, ब्रूनो व्यवस्थित आहे, काल लस झाली. सेफ्टी डोअरची कडी बदलली आणि आतून आणखी एक आडवी पट्टी बसवली.

आणि तक्रार मी करते आहे. पालिकेच्या टी वॉर्डात (आमच्या मुलुंडचं विभाग कार्यालय) अर्ज, एक प्रत सोसायटीला. पोलिसांत सध्या नाही. भाऊंना विचारलं होतं, त्यांना नको आहे, पण त्यांनी मन बदललं तर मी साक्षीदार म्हणून जाईन, हे त्यांना आणि काकांना दोघांनाही सांगितलं आहे. इथे बरेच जण म्हणाले की व्हेट झाला, कडी झाली, आता कागद कशाला? कागद यासाठी की मुलगा बंगळूरला आहे, काकांचे गुडघे तेच आहेत आणि सहा महिन्यांनी मुसकं खुंटीला लटकलेलं असेल तेव्हा आधी काय झालं होतं याची कुठेतरी नोंद हवी.

अर्ज देण्याआधी तो काकांना वाचून दाखवायचा असं ठरवलं होतं. काल संध्याकाळी गेले. ब्रूनो आतल्या खोलीत, दार लावलेलं. मी वाचत होते, ते चष्मा हातात धरून ऐकत होते. जून, ऑगस्ट, मंगळवार. संपल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एक राहिलं. एप्रिलमध्ये पेपरवाल्या पोराच्या हाताला लागलं होतं. मी कोणाला सांगितलं नाही." आणि माझ्याकडून पेन घेऊन, जूनच्या ओळीच्या वर, त्यांनी ते स्वतःच्या अक्षरात लिहिलं.

अर्ज उद्या देते आहे. त्या पेपरवाल्या मुलाला शोधायचं आहे, त्याने लस घेतली होती का ते विचारायला. आता अजून एक मदत: मुलुंड-ठाणे भागात मोठ्या, चावलेल्या कुत्र्यांबरोबर काम करणारा ट्रेनर कोणाला माहीत असेल, मारून शिकवणारा नको, तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. फीचं मुलाने कबूल केलं आहे. आणि सकाळी सहाला अर्धा तास ब्रूनोला फिरवू शकेल असा ताकदीचा माणूसही हवा आहे.