हातपंपाचे पाणी, आर्सेनिक आणि वाढत्या वयातली हाडे

वैनगंगाकाठची : माझी धाकटी बहीण गडचिरोलीच्या सीमेपलीकडे, छत्तीसगडात अंबागड चौकीजवळ दिली आहे. कौडीकसा आणि आसपासच्या गावांत खडकातूनच पाण्यात आर्सेनिक उतरते. तिच्या सासूबाईंच्या तळव्यांना तांदळाच्या कण्यांसारखे टणक खडे आले आहेत आणि छातीवर पावसाचे शिंतोडे उडावेत तसे ठिपके आहेत. आता घरात नळ आला, पण भाची पहिली चार वर्षे हातपंपाचेच पाणी प्यायली. सात वर्षांची ही मुलगी वर्गात सर्वांत ठेंगणी आहे. आर्सेनिक कातडीप्रमाणे वाढत्या हाडांनाही धरते का?

रसायनवाला : धरू शकते. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची पातळ पट्टी असते. तिच्यातल्या पेशी रांगेने फुगतात, विरतात आणि त्यांच्या मागे हाड भरत जाते. आर्सेनिक पाजलेल्या उंदरांमध्ये ही घडी विस्कटलेली आढळली आहे, तर हाड घडवणाऱ्या पेशींची वाढ त्याने खुंटते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. शिवाय आर्सेनेटची, म्हणजे पाण्यातल्या आर्सेनिकच्या एका रूपाची, ठेवण फॉस्फेटसारखी असल्यामुळे फॉस्फेटच्या जागी त्याला शिरकाव करता येतो, आणि हाड तर कॅल्शियम-फॉस्फेटचेच! माणसांबाबत मात्र जपून बोलावे. बांगलादेशातील मतलब येथील अभ्यासांत जास्त आर्सेनिक पोटात गेलेल्या पाच वर्षांच्या मुलींची उंची आणि वजन किंचित कमी आढळले, पण हा फरक समूहाच्या सरासरीचा आहे. एकट्या मुलीच्या उंचीवरून कारण ठरवता येत नाही.

बालरोग विभागातली परिचारिका : ताई, आधी आईवडिलांची उंची आणि अंगणवाडीतल्या नोंदी पाहाव्यात, कारण मुलगी पहिल्यापासूनच ठेंगणी आहे की मध्येच वाढ मंदावली, हे त्यावरून कळते. लघवीतले आर्सेनिक काही दिवसांत निघून जाते आणि केसा-नखांत काही महिन्यांचाच हिशेब राहतो. त्यामुळे तीन वर्षांनंतर अहवाल निर्दोष आला तरी जुने पाणी निर्दोष ठरत नाही. तपासणीपूर्वी तीन-चार दिवस मासे-झिंगे देऊ नयेत, नाहीतर आकडा उगाच फुगतो. गुडघे वाकलेले किंवा दातांवर खडूसारखे डाग असतील, तर मात्र संशय फ्लोराइडवर घ्यावा. आमच्याकडे यवतमाळ-चंद्रपूर भागातून अशी मुले येतात आणि लोक या दोन्ही विषांची सर्रास गल्लत करतात, वास्तविक आर्सेनिकची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे आणि फ्लोराइडची 1 ते 1.5.

रसायनवाला : एक विचारायचे राहिले. भात कोणत्या पाण्यात शिजतो? उकळून आर्सेनिक जात नाही. पाणी आटते तसे ते दाटच होते, आणि भात ते शोषून घेतो.

वैनगंगाकाठची : आत्ताच बहिणीला फोन केला. नळ सकाळी तासभरच येतो, ते पाणी पिण्यासाठी राखून ठेवतात, आणि भात अजून हातपंपाच्याच पाण्यात शिजतो.