ऑ साबल नदीवर ट्राउट मासा समोर उसळतोय, पण फ्लाय घेत नाही. चुकतंय कुठे?

रेवदंडेकर, नोव्ही (मिशिगन)
मंडळी, मी खाडीकाठचा. शाळेत असल्यापासून गरी टाकून शिंगाळी आणि तांबोशी गरवलीय, त्यामुळे मासेमारी मला कोणी शिकवावी असं कधी वाटलं नव्हतं. गेल्या वर्षी फ्लाय (पिसं बांधून किड्यासारखा केलेला गळ) टाकायचा रॉड घेतला आणि सगळी मस्ती उतरली.

परवा शनिवारी ग्रेलिंगला गेलो होतो. बर्टन्स लँडिंगच्या थोडं खाली, मांडीभर पाण्यात. ढगाळ, बारीक भुरभुर. पलीकडच्या काठाला आडव्या पडलेल्या सीडरच्या झाडाखाली एक ब्राऊन ट्राउट दर अर्ध्या मिनिटाला त्याच जागी वर येत होता. दोन तासांत सात फ्लाय बदलल्या. दुकानदाराने ‘सप्टेंबरात नाकतोडाच चालतो’ म्हणून गळ्यात मारलेल्या नाकतोड्यासारख्या फ्लायसुद्धा झाल्या. एकदा तो फ्लायखाली आला, वास घेतल्यासारखं केलं आणि गेला. शेजारून जाणारा म्हातारा ‘ड्रॅग’ एवढंच बोलला. पण माझी दोरी तर सैल होती!

शिवाय घरून प्रश्न: पकडलेला मासा सोडूनच द्यायचा तर तीन तास गाडी कशाला हाकायची?

बोर्डमनकाठ
म्हातारा बरोबर होता. सैल दोरीनेच ड्रॅग होतो, दादा. तू संथ पाण्यात, मासा संथ पाण्यात आणि मधे वेगाची धार. ती धार दोरीला पोट पाडते आणि ते पोट फ्लायला ओढतं. तुला ती तरंगताना दिसते, पण तिच्यामागे केसाएवढी रेघ उठते. खरा किडा रेघ काढत नाही.

त्याच्या समोर उभा राहू नकोस. वरच्या अंगाला जा, तिरकं खाली टाक, म्हणजे दोरीआधी फ्लाय त्याच्यापर्यंत पोचेल. दोरी पाण्यावर टेकली की रॉडच्या टोकाने तिचं पोट उचलून प्रवाहाच्या वर ठेव. हे टेकताक्षणी, उशीर केलास तर फ्लायही उचकते.

आता फ्लाय. भुरभुर, ढग, सप्टेंबर म्हणजे ब्लू-विंग्ड ऑलिव्ह. तांदळाच्या दाण्याहून लहान, राखाडी पंखांचा किडा. १४ नंबरचा गळ तिथे म्हशीसारखा दिसतो (नंबर जेवढा मोठा, तेवढा गळ लहान). १८ किंवा २० लाव. मासा वर येताना नाक दिसलं का? नुसती पाठ आणि शेपूट दिसत असेल, तर तो पृष्ठभागाच्या जरा खाली अडकलेले किडे खातोय. मग पॅराशूट ॲडम्स नावाची फ्लाय घे आणि मागचा भाग ओलाच ठेव, ग्रीस फक्त वरच्या पिसाला. (ॲडम्स आपल्या मिशिगनचीच, १९२२ ची. पहिली परीक्षा आमच्या बोर्डमन नदीवरच झाली, म्हणून माझा जरा जास्त जीव.) दोरीच्या टोकाला साधा नायलॉन, ६एक्स म्हणजे अगदी बारीक. फ्लोरोकार्बन जड, बुडतो.

नाकतोडा वाईट नाही, पण तो उन्हातल्या वाऱ्याच्या दुपारी.

पाटलीणबाई, लान्सिंग
वहिनींना सांगा, बर्टन्स लँडिंग ते वेकली ब्रिज या पट्ट्यात सोडणं सक्तीचंच आहे आणि फ्लायशिवाय दुसरं काही चालत नाही. गावाचं नाव ज्या ग्रेलिंग माशावरून पडलं, तो इथे उरलाच नाही. लाकूडतोडीने नदीची वाट लागली, वर माणसांनी टोपल्या भरभरून नेला. ब्राऊन ट्राउट तर मूळचा पाहुणा; जर्मनीहून अंडी आली आणि १८८४ मध्ये आपल्याच राज्यातल्या पेर मार्केट नदीच्या पाण्यात पिल्लं सोडली.

आणि ऑक्टोबरात गेलात तर पाय कुठे ठेवता ते बघा. तळाच्या खड्यांत घासून काढल्यासारखा फिकट, परातीएवढा डाग दिसला की तिथे माद्यांनी अंडी घातलेली असतात. त्यावरून चालू नका, तिथल्या माशांना छेडूही नका.

रेवदंडेकर
काल परत गेलो. तोच सीडर, बहुधा तोच मासा. वरून तिरकी टाकली, २० नंबर. तिसऱ्या वेळेला त्याने घेतली, आणि मी खाडीतला हिसका दिला. ६एक्स तटकन तुटला.

बोर्डमनकाठ
फ्लाय प्रवाहाच्या दिशेने खाली टाकलेली असेल तर माशाला तोंड मिटून वळू दे. मग नुसता रॉड उचलायचा. आणि २० नंबरच्या डझनभर घेऊन ठेव, अजून बऱ्याच तुटणारेत.