लहान मुलांच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये टॅकल (चेंडूवाल्याला धरून पाडणं) कितव्या वर्षापासून असावं?

टेक्सासची_आई
मुलगा ९ वर्षांचा. हौसेनं टॅकलच्या संघात घातलं. परवा त्याचं पांढरं हेल्मेट पुसायला घेतलं, तर कपाळाच्या जागी समोरच्या संघाच्या निळ्या रंगाचे सात-आठ ओरखडे. इतक्या वेळा डोक्यावर डोकं आपटलं आणि मी बाहेर बसून टाळ्या वाजवत होते! हेल्मेट कवटी वाचवतं, पण आतला मेंदू हलायचा तो हलतोच. त्यात या वयात मान कोवळी आणि डोकं जड. मुलांच्या फुटबॉलची संस्था पॉप वॉर्नर हिने २०१६ मध्ये सगळ्यात लहान गटांचा किकऑफच (चेंडू लांब लाथाडून खेळ सुरू करणं) काढून टाकला, त्यामुळे लांबून सुसाट धावत येऊन आदळणं थांबलं. असे नियम प्रत्येक लीगला सक्तीचे करा.

जुना_लाइनमन
ताई, काळजी समजते, पण मत पटत नाही. नजर समोर, खांदा लावायचा, डोकं बाजूला ठेवायचं, हे अंगात मुरायला वर्षं लागतात. समोरचा पोरगा तीस किलोचा असताना शिकलेलं बरं. आपल्याकडे टेक्सासात शाळेचा फुटबॉल सातवीत सुरू होतो. तेव्हा एकाला मिसरूड फुटलेली असते आणि दुसरा अजून लहान पोर दिसतो. त्यानं पहिलं टॅकल त्या दिवशी करायचं का?

फिजिओ_मावशी
शिकायला माणसावरच आदळायला हवं का? डार्टमथ कॉलेजचे प्रशिक्षक बडी टीव्हन्स यांनी २०१० पासून सरावात आपल्याच खेळाडूंना पाडणं बंद केलं, सगळं डमीवर. २०१५ मध्ये त्यांचा संघ आयव्ही लीग या कॉलेजांच्या स्पर्धेच्या संयुक्त विजेत्यांत होता. आणि अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था सीडीसी हिचा २०२१ चा अभ्यास सांगतो की ६ ते १४ वयात टॅकल खेळणाऱ्यांच्या डोक्याला फ्लॅगवाल्यांपेक्षा (त्यात पाडायचं नाही, कमरेची पट्टी ओढायची) १५ पट जास्त धक्के बसतात. दरवेळी चक्कर येते असं नाही, म्हणून ते कुणाच्या लक्षातही येत नाहीत.

जुना_लाइनमन
कॉलेजची पोरं आधी टॅकल शिकूनच आलेली असतात, ती तुलना चुकीची आहे. सरावावर मर्यादा मात्र मान्य. आम्हाला लांबून समोरासमोर धावत आणून भिडवायचे, दहा-दहा वेळा. पॉप वॉर्नरने २०१२ मध्ये तीन यार्डांपेक्षा लांबून असं भिडवणं बंद केलं ते योग्यच झालं.

बारापर्यंत_फ्लॅग
अर्धवट नियम कशाला? कॅलिफोर्नियात १२ वर्षांखालच्या टॅकलवर बंदीचं विधेयक होतं. राज्यपाल न्यूसम यांनी जानेवारी २०२४ मध्ये सही करणार नाही म्हटलं आणि ते बारगळलं. फ्लॅगमध्ये पळणं, झेलणं, डावपेच सगळं आहे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही तोच खेळ आहे.

टेक्सासची_आई
लाइनमनदादा, सातवीचा मुद्दा मनाला लागला, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण पॉप वॉर्नरच्या नियमात धडकेचा सराव एकूण वेळेच्या चौथा हिस्सा, म्हणजे दोन तासांत अर्धा तास. आमच्या लीगमध्ये तो किती होतो, हे मी कधी पाहिलंच नाही. बुधवारी घड्याळ लावून बसते आणि मिनिटं इथे लिहिते. अर्ध्या तासाच्या वर गेलं तर कोचशी त्याच दिवशी बोलणार.